शस्त्रनियंत्रण आणि पडताळणीचा प्रश्न : अमेरिका–सोव्हिएत अण्वस्त्र वाटाघाटींचा ऐतिहासिक अभ्यास (१९४६–१९९१)

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जागतिक राजकारणाच्या केंद्रस्थानी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन महासत्ता आल्या. ६ व ९ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर टाकण्यात आलेल्या अणुबॉम्बमुळे युद्ध या संकल्पनेचा अर्थच पालटला. यापुढे लष्कराचे मुख्य कार्य युद्ध जिंकणे हे नसून युद्ध टाळणे हे राहील, असा विचार बर्नार्ड ब्रॉडी या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ मध्येच मांडला. पुढे याच विचारातून अण्वस्त्र प्रतिरोधनाचा सिद्धान्त विकसित झाला. शत्रूने पहिला प्रहार केला तरी त्यातून वाचलेल्या शस्त्रांनी त्याला असह्य हानी पोहोचविता येईल, याची शत्रूला खात्री असणे, हा या सिद्धान्ताचा गाभा होय. १९६० च्या दशकात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी त्याला ‘निश्चित विनाश’ या सूत्राचे रूप दिले.

प्रतिरोधन ही मूलतः मानसिक प्रक्रिया आहे. शत्रूला आपल्या सामर्थ्याची जाणीव असल्याखेरीज त्याला धाक वाटत नाही. दुसरीकडे, आपली शस्त्रे नेमकी कोठे आहेत हे शत्रूला कळले तर ती पहिल्याच प्रहारात नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणजे प्रतिरोधनासाठी काही गोष्टी उघड कराव्या लागतात आणि काही लपवाव्या लागतात. शस्त्रनियंत्रणाची अडचण येथेच सुरू होते. करार पाळला जात आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी जे उघड करावे लागते तेच सुरक्षिततेसाठी लपविणे आवश्यक वाटते. शीतयुद्धकालीन वाटाघाटींचा इतिहास बहुधा शिखर परिषदा, नेत्यांची व्यक्तिमत्त्वे आणि शस्त्रांची आकडेवारी यांच्या आधारे सांगितला जातो. पडताळणीच्या प्रश्नाकडे तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवून त्या इतिहासाची मांडणी केली आहे.

उद्दिष्टे

१. १९४६ ते १९९१ या कालखंडात अण्वस्त्र करारांच्या पडताळणीविषयी दोन्ही महासत्तांच्या भूमिका कशा बदलत गेल्या, याचा मागोवा घेणे.
२. पडताळणीच्या उपलब्ध साधनांचा करारांच्या आशयावर झालेला परिणाम तपासणे.
३. सोव्हिएत गुप्तताप्रियता हेच वाटाघाटींच्या अपयशाचे एकमेव कारण होते, या प्रचलित मताची चिकित्सा करणे.

१. बरूक योजना : तपासणी आधी की शस्त्रनाश आधी?

१४ जून १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जा आयोगापुढे अमेरिकेचे प्रतिनिधी बर्नार्ड बरूक यांनी आपली योजना मांडली. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅचिसन–लिलिएन्थाल अहवालाचा तिला आधार होता. युरेनियमच्या खाणींपासून अणुभट्ट्यांपर्यंतचे सर्व धोकादायक व्यवहार एका आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या ताब्यात द्यावेत, प्राधिकरणाच्या निरीक्षकांना सर्वत्र प्रवेश असावा आणि नियमभंग करणाऱ्यास शिक्षा देताना नकाराधिकार लागू नसावा, अशा तिच्या प्रमुख अटी होत्या. ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभी राहिल्यानंतरच अमेरिका आपल्या बॉम्बचा त्याग करणार होती. पाचच दिवसांनी सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई ग्रोमिको यांनी प्रतिप्रस्ताव मांडला. प्रथम अण्वस्त्रांवर बंदी घालून अस्तित्वात असलेली शस्त्रे नष्ट करावीत आणि नियंत्रणाचा विचार त्यानंतर करावा, असे त्याचे स्वरूप होते. ३० डिसेंबर १९४६ रोजी आयोगाने अमेरिकन भूमिकेला अनुकूल अहवाल स्वीकारला. सोव्हिएत रशिया व पोलंड तटस्थ राहिले आणि योजना प्रत्यक्षात आली नाही.

या घटनेकडे केवळ सोव्हिएत आडमुठेपणा म्हणून पाहणे एकांगी ठरते. बरूक योजनेनुसार सोव्हिएत रशियाला आपली भूमी तपासणीसाठी प्रथम खुली करावी लागणार होती, तर अमेरिकेचा बॉम्ब शेवटच्या टप्प्यापर्यंत तिच्याकडेच राहणार होता. उलट ग्रोमिको यांच्या प्रस्तावात अमेरिकेने शस्त्रत्याग आधी करावा आणि सोव्हिएत आश्वासनावर विसंबून राहावे, अशी अपेक्षा होती. प्रत्येक पक्षाला दुसऱ्याने धोका आधी पत्करावा असे वाटत होते. गुप्तताही एकतर्फी नव्हती. ऑगस्ट १९४६ मध्ये संमत झालेल्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने युद्धकालीन सहकारी ब्रिटनलाही अणुविषयक माहिती देणे थांबविले. त्या वर्षी अमेरिकेकडे केवळ नऊ अणुबॉम्ब होते, ही वस्तुस्थिती अत्यंत गुप्त ठेवण्यात आली होती. सामर्थ्य कमी असताना गुप्ततेचे मोल वाढते, हे सूत्र या काळात दोन्ही पक्षांना लागू पडते.

२. गुप्ततेचे सामर्थ्य : ‘मुक्त आकाश’ ते उपग्रह

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत रशियाने सेमिपलातिन्स्क येथे पहिली अणुचाचणी केली. तिची घोषणा मॉस्कोने केली नव्हती. सप्टेंबरच्या आरंभी पॅसिफिकवरून उडणाऱ्या अमेरिकन विमानावरील गाळणीत किरणोत्सारी कण आढळले आणि २३ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ही बातमी जगाला दिली. परवानगीवाचून, दुरून केलेल्या पडताळणीचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

१९५० च्या दशकात उभय राष्ट्रांनी हायड्रोजन बॉम्ब तयार केले. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरील सुमारे १५ मेगाटन क्षमतेच्या अमेरिकन चाचणीतील किरणोत्सारी राखेमुळे ‘फुकुर्यु मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील खलाशी बाधित झाले. या पार्श्वभूमीवर २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत अणुचाचण्या तूर्त स्थगित ठेवण्याची सूचना केली. संपूर्ण निःशस्त्रीकरणाची आणि नियंत्रणाची व्यवस्था होईपर्यंत वाट न पाहता निदान चाचण्या थांबवाव्यात, हा त्यामागील विचार होता. स्फोट दुरूनही ओळखता येत असल्याने चाचणीबंदीला पडताळणीचा अडथळा तुलनेने कमी होता. या दृष्टीने नेहरूंची सूचना व्यवहार्य होती, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले.

२१ जुलै १९५५ रोजी जिनिव्हा परिषदेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘मुक्त आकाश’ प्रस्ताव मांडला. दोन्ही राष्ट्रांनी आपल्या लष्करी तळांचे आराखडे परस्परांना द्यावेत आणि परस्परांच्या प्रदेशावरून छायाचित्रणासाठी विमाने उडू द्यावीत, असा तो प्रस्ताव होता. निकिता ख्रुश्चेव्ह यांनी तो हेरगिरीचा डाव म्हणून फेटाळला. अमेरिकेसारख्या खुल्या समाजात तळ, कारखाने व रस्ते यांची माहिती नकाशांतून आणि वृत्तपत्रांतून सहज मिळत असे. सोव्हिएत रशियात ती मिळत नसे. त्यामुळे समान वाटणाऱ्या या प्रस्तावाचा लाभ प्रत्यक्षात समान नव्हता. शिवाय त्या काळी सोव्हिएत शक्ती अमेरिकेच्या तुलनेत बरीच दुर्बल होती आणि ही दुर्बलता झाकून ठेवणे हाच तिच्या प्रतिरोधनाचा एक आधार होता.

प्रस्ताव नाकारला गेल्यावर अमेरिकेने जुलै १९५६ पासून यू-२ विमानांच्या साहाय्याने हे छायाचित्रण परवानगीवाचून सुरू केले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेल्यानंतर सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या बाबतीत अमेरिका मागे पडल्याची भीती अमेरिकन जनमानसात पसरली. ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या वक्तव्यांनी ही भीती वाढविली. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्स यांचे यू-२ विमान पाडण्यात आले आणि पॅरिस शिखर परिषद उधळली गेली. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘कोरोना’ या हेर उपग्रहाने घेतलेल्या चित्रफितीचे डबे यशस्वीरीत्या परत मिळविण्यात आले. त्या एकाच फेरीत यू-२ च्या त्यापूर्वीच्या सर्व उड्डाणांहून अधिक प्रदेशाचे छायाचित्रण झाले होते.

उपग्रहांनी दिलेली माहिती अनपेक्षित होती. सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकन गुप्तचर यंत्रणांनी सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या प्रक्षेपण मंचांची संख्या १० ते २५ इतकीच असल्याचा अंदाज वर्तविला. २१ ऑक्टोबर १९६१ रोजी संरक्षण उपमंत्री रोझवेल गिलपॅट्रिक यांनी जाहीर भाषणातून अमेरिकेचे वर्चस्व सूचित केले. गुप्ततेचे कवच गळून पडल्याची जाणीव मॉस्कोला झाली. क्यूबामध्ये क्षेपणास्त्रे नेण्याच्या ख्रुश्चेव्ह यांच्या निर्णयामागील कारणांत या जाणिवेचा समावेश अनेक इतिहासकार करतात. पारदर्शकतेमुळे स्थैर्य येतेच असे नाही. ती एकतर्फी असेल तर दुर्बल पक्षाला धोकादायक साहसाकडेही ढकलू शकते, हा या प्रकरणातील महत्त्वाचा बोध होय.

३. चाचणीबंदी आणि तपासण्यांची संख्या

जुलै–ऑगस्ट १९५८ मध्ये जिनिव्हा येथे पूर्व व पश्चिम गटांतील शास्त्रज्ञांची परिषद झाली. जगभर १६० ते १७० भूस्थित केंद्रे आणि सुमारे दहा जहाजे यांचे जाळे उभारल्यास चाचणीबंदीवर देखरेख ठेवता येईल, असा निष्कर्ष तिने काढला. त्यानंतर अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत रशिया यांनी चाचण्या स्थगित केल्या. परंतु भूगर्भातील लहान स्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांतील फरक ओळखणे हे भूकंपशास्त्रापुढील आव्हान होते. १९५९ च्या आरंभी अमेरिकेने नवी माहिती पुढे करून असा फरक ओळखणे पूर्वीच्या अंदाजापेक्षा अवघड असल्याचे सांगितले. प्रचंड पोकळीत स्फोट केल्यास त्याचा धक्का दबतो, हा युक्तिवादही पुढे आला. शास्त्रज्ञांनी एकमताने दिलेला निष्कर्ष आता राजकीय सोयीनुसार बदलला जात आहे, अशी सोव्हिएत समजूत झाली.

संशयास्पद धक्क्याच्या जागी जाऊन पाहणी करण्याची मागणी त्यानंतर वादाचा केंद्रबिंदू बनली. वर्षाला वीस पाहण्यांपासून अमेरिका क्रमाने खाली आली. क्यूबा संकटानंतर डिसेंबर १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना लिहिलेल्या पत्रात दोन ते तीन पाहण्या मान्य केल्या. अमेरिकन प्रतिनिधी आर्थर डीन यांनी एवढीच अपेक्षा सूचित केली होती, अशी त्यांची समजूत होती. डीन यांनी ती नाकारली. अमेरिका आठ ते दहावर आणि अखेरीस सातवर आली. ख्रुश्चेव्ह तीनच्या पुढे गेले नाहीत. तीन आणि सात यांमधील फरकाला तांत्रिक दृष्टीने फारसा अर्थ नव्हता. केनेडी यांच्यापुढे सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांचा प्रश्न होता, तर ख्रुश्चेव्ह यांना परकीय निरीक्षक देशात येऊ देण्याचा निर्णय आपल्या सहकाऱ्यांच्या गळी उतरविणे कठीण जात होते.

अखेर वाद सोडविण्याऐवजी तो वगळण्यात आला. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. वातावरण, अवकाश आणि पाणी यांतील चाचण्यांवर बंदी आली. त्या दुरून ओळखता येत असल्याने पाहणीची गरज नव्हती. भूगर्भातील चाचण्या मोकळ्या राहिल्या. भारतानेही या करारावर त्याच महिन्यात स्वाक्षरी केली. वातावरणातील किरणोत्साराला आळा बसला, हे कराराचे मोठे यश होय. मात्र शस्त्रस्पर्धा थांबली नाही. अमेरिकेने १९४५ ते १९९२ या काळात केलेल्या एक हजाराहून अधिक चाचण्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक चाचण्या भूगर्भात झाल्या. जे पाहता येत होते त्यावर बंदी आली आणि स्पर्धा जेथे पाहता येत नव्हते तेथे गेली.

४. राष्ट्रीय तांत्रिक साधने आणि साल्ट करार

१९६० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत रशियाने क्षेपणास्त्रांच्या संख्येत अमेरिकेला गाठले. दुर्बलता लपविण्याची गरज कमी झाल्यावर वाटाघाटींना अनुकूल वातावरण निर्माण झाले. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी हेलसिंकी येथे सुरू झालेल्या साल्ट वाटाघाटींचा शेवट २६ मे १९७२ रोजी मॉस्को येथे निक्सन व ब्रेझनेव्ह यांच्या स्वाक्षऱ्यांनी झाला. क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण प्रणाली प्रत्येकी दोन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी शंभर प्रतिक्षेपणास्त्रांपुरती मर्यादित करण्यात आली. १९७४ मध्ये ही मर्यादा एका ठिकाणावर आली. अंतरिम करारान्वये आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे मंच अमेरिकेसाठी १,०५४ आणि सोव्हिएत रशियासाठी सुमारे १,६०० या संख्येवर गोठविण्यात आले.

या करारांतील सर्वांत दूरगामी तरतूद पडताळणीविषयी होती. प्रत्येक पक्षाने आपल्या ‘राष्ट्रीय तांत्रिक साधनांनी’ पडताळणी करावी, दुसऱ्याने त्यात अडथळा आणू नये आणि पडताळणी टळावी या हेतूने लपवाछपवी करू नये, असे करारात नमूद करण्यात आले. ‘उपग्रह’ हा शब्द त्यात नव्हता. तरीही १९५५ मध्ये हेरगिरी ठरलेली गोष्ट १९७२ मध्ये कराराने संरक्षिलेला अधिकार बनली. तक्रारींच्या निराकरणासाठी स्थायी सल्लागार आयोग स्थापन झाला. सोव्हिएत भूमीवर नवी भूमिगत कोठारे खोदली जात असल्याची शंका अमेरिकेने त्यापुढे मांडली. ती प्रक्षेपण नियंत्रण केंद्रे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मिनटमन क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर बांधकामाच्या वेळी घातलेल्या आच्छादनांविषयी सोव्हिएत पक्षाने तक्रार केली. असे अनेक प्रश्न गाजावाजा न होता मिटले.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा मात्र स्पष्ट दिसतात. पहिली गुप्ततेच्या संस्कृतीची. साल्टच्या पहिल्या फेऱ्यांत चर्चा अमेरिकेने दिलेल्या आकड्यांवरच चालत असे. सोव्हिएत शस्त्रांचे आकडे सोव्हिएत शिष्टमंडळ देत नसे. सोव्हिएत शस्त्रांचा तपशील आपल्या मुलकी सहकाऱ्यांसमोर मांडू नये, अशी सूचना जनरल निकोलाय ओगार्कोव्ह यांनी एका अमेरिकन प्रतिनिधीला खाजगीत केल्याची नोंद आहे. आपल्याच राज्याची माहिती प्रतिपक्षाकडून मिळावी, ही मुत्सद्द्यांची स्थिती बरेच काही सांगून जाते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. उपग्रहातून क्षेपणास्त्राचे कोठार दिसते. क्षेपणास्त्राच्या टोकावर किती स्फोटकाग्रे बसविली आहेत हे दिसत नाही. म्हणून करारात मंच मोजले गेले. अमेरिकेने १९७० पासून बहुअग्र क्षेपणास्त्रे तैनात करण्यास प्रारंभ केला होता आणि दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत रशियाही त्या मार्गाने गेला. मंचांची संख्या गोठलेली असताना अमेरिकेच्या सामरिक स्फोटकाग्रांची संख्या त्या दशकात दुपटीहून अधिक झाली. एका क्षेपणास्त्राने शत्रूची अनेक क्षेपणास्त्रे नष्ट करता येण्याची शक्यता निर्माण झाल्याने पहिल्या प्रहाराचा मोह वाढला. स्थैर्यासाठी केलेल्या कराराच्या छायेतच अस्थैर्य वाढीस लागले.

१८ जून १९७९ रोजी व्हिएन्ना येथे कार्टर व ब्रेझनेव्ह यांनी स्वाक्षरी केलेल्या दुसऱ्या साल्ट करारात या अडचणीवर उपाय शोधण्यात आला. ज्या प्रकारच्या क्षेपणास्त्राची एकदाही बहुअग्र चाचणी झाली असेल, त्या प्रकारची सर्व क्षेपणास्त्रे बहुअग्र समजावीत, असा मोजणीचा नियम ठरला. सोव्हिएत रशियाने आपल्या शस्त्रांची संख्या अधिकृतपणे नोंदवून दिली, ही नवी बाब होती.

५. पडताळणीचे संकट (१९७९–१९८३)

दुसऱ्या साल्ट कराराचे अनुसमर्थन अमेरिकन सिनेटमध्ये झाले नाही. डिसेंबर १९७९ मधील अफगाणिस्तानवरील सोव्हिएत आक्रमण हे त्याचे प्रसिद्ध कारण होय. परंतु पडताळणीचा आधार त्याआधीच डळमळीत झाला होता. सोव्हिएत क्षेपणास्त्र चाचण्यांवर लक्ष ठेवणारी उत्तर इराणमधील अमेरिकन श्रवणकेंद्रे १९७९ च्या क्रांतीमुळे बंद पडली. चाचणीच्या वेळी क्षेपणास्त्राकडून येणारे संदेश सोव्हिएत रशिया सांकेतिक लिपीत पाठवीत असल्याचाही वाद चालू होता.

२३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अवकाशस्थ संरक्षण योजनेची घोषणा केली. जुलै १९८३ मध्ये सैबेरियातील क्रास्नोयार्स्कजवळ एक प्रचंड रडार उभारले जात असल्याचे अमेरिकन उपग्रहांना आढळले. १९७२ च्या करारानुसार पूर्वसूचना देणारी रडारे देशाच्या सीमेवर आणि बाहेरच्या दिशेने रोखलेली असणे आवश्यक होते. हे रडार सीमेपासून दूर होते. ते अवकाशातील वस्तूंचा मागोवा घेण्यासाठी असल्याचा सोव्हिएत खुलासा कोणालाही पटला नाही. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी परराष्ट्रमंत्री शेव्हर्दनाद्झे यांनी हा करारभंग असल्याचे जाहीरपणे मान्य केले. येथे राष्ट्रीय तांत्रिक साधनांनी आपले काम चोख केले होते. उल्लंघन सापडले होते. उणीव होती ती उल्लंघन सापडल्यावर ते दुरुस्त करून घेणाऱ्या राजकीय संबंधांची. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, नोव्हेंबरमध्ये पर्शिंग–२ क्षेपणास्त्रे पश्चिम जर्मनीत पोहोचू लागली आणि सोव्हिएत शिष्टमंडळाने जिनिव्हा येथील वाटाघाटी सोडल्या.

६. निरीक्षकांना प्रवेश (१९८६–१९८८)

मार्च १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. ऑगस्ट १९८५ पासून सोव्हिएत रशियाने अणुचाचण्या एकतर्फी स्थगित केल्या. जानेवारी १९८६ मध्ये त्यांनी मांडलेल्या अण्वस्त्रमुक्तीच्या प्रस्तावात प्रत्यक्ष पाहणीला मान्यता होती. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेने गुप्ततेची किंमत खुद्द सोव्हिएत नेतृत्वाला दाखवून दिली.

या बदलाचा पहिला पुरावा सरकारी वाटाघाटींत नव्हे, तर शास्त्रज्ञांच्या उपक्रमात मिळाला. मे १९८६ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमी आणि अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही बिगरसरकारी संस्था यांच्यात करार झाला. जुलै महिन्यात अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ सेमिपलातिन्स्क चाचणीक्षेत्राच्या परिसरात आपली उपकरणे मांडून बसले. तीन की सात या वादात तेवीस वर्षांपूर्वी जे घडू शकले नव्हते ते काही आठवड्यांत घडले. ऑगस्ट १९८६ मध्ये मेक्सिकोतील इश्तापा येथे भारत, अर्जेंटिना, ग्रीस, मेक्सिको, स्वीडन व टांझानिया या सहा राष्ट्रांच्या परिषदेने चाचणीस्थगितीच्या पडताळणीत साहाय्य करण्याची तयारी दर्शविली. पंतप्रधान राजीव गांधी यांचा या उपक्रमात पुढाकार होता. पडताळणी ही केवळ दोन महासत्तांची खाजगी बाब नाही, ही त्यामागील भूमिका होती. सप्टेंबर १९८६ च्या स्टॉकहोम दस्तऐवजाने युरोपातील लष्करी हालचालींच्या पाहणीचा अधिकार मान्य केला आणि ती नाकारण्याची मुभा ठेवली नाही.

ऑक्टोबर १९८६ ची रेक्याविक परिषद अवकाशस्थ संरक्षणाच्या मुद्द्यावर फिसकटली. तथापि तिच्यातून मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील कराराला गती मिळाली. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे आय.एन.एफ. करारावर रेगन व गोर्बाचेव्ह यांनी स्वाक्षऱ्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सोडण्याची सर्व क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचे ठरले. ३१ मे १९९१ पर्यंत सोव्हिएत रशियाची १,८४६ आणि अमेरिकेची ८४६, अशी एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली.

शून्य ही संख्या पडताळणीस सर्वांत सोपी असते. शंभर क्षेपणास्त्रांना परवानगी असेल तर एकशे एकावे शोधावे लागते. एकालाही परवानगी नसेल तर एक सापडले तरी उल्लंघन सिद्ध होते. तरीही उभय पक्षांनी तळांची यादी, छायाचित्रे व मोजमापे परस्परांना दिली आणि निरीक्षकांना प्रवेश दिला. सोव्हिएत एस.एस.–२५ या अनुज्ञेय क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा बंदी घातलेल्या एस.एस.–२० शी मिळताजुळता असल्याने व्होत्किन्स्क येथील कारखान्याच्या दारावर तीसपर्यंत अमेरिकन निरीक्षकांना तेरा वर्षे सतत राहण्याची मुभा मिळाली. सोव्हिएत निरीक्षक युटा राज्यातील मॅग्ना येथील कारखान्याच्या दारावर राहिले. १९८८ च्या ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये नेवाडा व सेमिपलातिन्स्क येथे परस्परांच्या उपस्थितीत संयुक्त पडताळणी प्रयोगही झाले.

या वाटाघाटींतील एक घटना विशेष लक्षणीय आहे. ‘कोठेही, केव्हाही’ पाहणी करण्याचा अधिकार हवा, अशी मागणी अमेरिकेने दीर्घकाळ केली होती. १९८७ मध्ये सोव्हिएत पक्षाने व्यापक पाहणी मान्य करण्याची तयारी दर्शविताच अमेरिकेने आपली मागणी मर्यादित केली. खाजगी उद्योगांची गुपिते आणि क्षेपणास्त्रांशी संबंध नसलेली संवेदनशील केंद्रे सोव्हिएत निरीक्षकांसाठी खुली होतील, ही चिंता त्यामागे होती. नकार निश्चित असताना मागणी करणे सोपे असते. होकार मिळाल्यावर तिची किंमत दिसू लागते.

कराराच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. क्षेपणास्त्रे नष्ट झाली. पण त्यांवरील अणुस्फोटके काढून घेऊन ती मालक राष्ट्राकडेच राहिली आणि त्यांची पडताळणी झाली नाही. पूर्व युरोपीय मित्रराष्ट्रांकडे दिलेली काही एस.एस.–२३ क्षेपणास्त्रे १९९० मध्ये उघडकीस आली.

७. उत्तरकाल

३१ जुलै १९९१ रोजी झालेल्या स्टार्ट करारात प्रत्येकी १,६०० वाहक साधने आणि ६,००० स्फोटकाग्रे ही मर्यादा ठरली व पाहणीचे अनेक प्रकार निश्चित झाले. पाच महिन्यांत सोव्हिएत संघराज्याचे विघटन झाले, तरीही १९९४ मध्ये करार अमलात आला. त्यानंतरचा आलेख चढ-उताराचा आहे. २००२ मध्ये अमेरिका क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली. त्याच वर्षीच्या मॉस्को करारात स्वतःची पडताळणी यंत्रणा नव्हती. २०१० च्या नव्या स्टार्ट कराराने वर्षाला अठरा पाहण्यांची व्यवस्था पुन्हा आणली. रशियाच्या नव्या क्षेपणास्त्राविषयीच्या आरोपांनंतर २०१९ मध्ये आय.एन.एफ. करार संपुष्टात आला. आयझेनहॉवर यांच्या कल्पनेवर आधारित १९९२ च्या मुक्त आकाश करारातून २०२० मध्ये अमेरिका व २०२१ मध्ये रशिया बाहेर पडला. नव्या स्टार्टखालील पाहण्या मार्च २०२० मध्ये साथरोगामुळे थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला आणि कराराची वाढीव मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

निष्कर्ष

१. पडताळणीचा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. १९६३ मध्ये तीन व सात यांमधील अंतर आणि १९८६ मध्ये उपकरणांना मिळालेला प्रवेश, यांमधील फरक भूकंपशास्त्राच्या प्रगतीपेक्षा राजकीय निर्णयाने अधिक स्पष्ट होतो.

२. सोव्हिएत गुप्तताप्रियतेला वैचारिक व ऐतिहासिक कारणांबरोबरच सामरिक कारणही होते. दुर्बल पक्षासाठी गुप्तता हे प्रतिरोधनाचे साधन होते. समतोल साधल्यावर उपग्रहांना आणि राजकीय परिवर्तनानंतर निरीक्षकांना मान्यता मिळाली. अमेरिकेची भूमिकाही सदैव खुलेपणाची नव्हती, हे १९४६ आणि १९८७ च्या घटनांवरून दिसते.

३. पडताळणीच्या साधनांनी करारांचा आशय ठरविला. जे दिसत होते ते मोजले गेले, जे मोजले गेले ते मर्यादित झाले आणि शस्त्रस्पर्धा उरलेल्या क्षेत्राकडे वळली. भूगर्भातील चाचण्या व बहुअग्र क्षेपणास्त्रे ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

४. पडताळणी विश्वासाची जागा घेऊ शकत नाही. ती विश्वासाला आधार देते. क्रास्नोयार्स्क प्रकरणात उल्लंघन दिसूनही सहा वर्षे काही साधले नाही; संबंध सुधारल्यावर ते मान्यही झाले.

भारत व पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण करण्याची प्रथा सुरू झाली. या याद्यांची पडताळणी कोणी करीत नाही. महासत्तांच्या अनुभवाशी तुलना करता हा टप्पा प्राथमिक वाटेल. परंतु व्होत्किन्स्कच्या दारावर निरीक्षक उभे राहण्यापूर्वी साल्टच्या टेबलावर आपला आकडा आपण सांगण्याची पायरी आली होती, हे विसरता येत नाही. शस्त्रांची संख्या वर्षभरात वाढविता येते. ती मोजू देण्याची सवय लागायला मात्र महासत्तांना चाळीस वर्षे लागली. ही सवय मोडण्यास फार वेळ लागत नाही, हे २०१९ नंतरच्या घटनांनी दाखवून दिले आहे. अण्वस्त्र नियंत्रणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना करारांच्या आकड्यांइतकेच लक्ष या सवयीच्या घडण्या-मोडण्याकडे देणे अगत्याचे ठरते.